खुर्च्या किती?

ग्रंथालयातली मुलगी दर महिन्याला विचारते,
खुर्च्या किती मांडू?
पूर्वी मी चोवीस सांगायचे, आणि तरी
टोरस्टेनला खिडकीच्या कट्ट्यावर बसावं लागे,
पाठीला गार काच लावून.
मग अकरा. मग पाच,
त्यातली एक कोटांसाठी.
आज म्हटलं, दोन.
एक म्हणायची लाज वाटली.

बुरोसमध्ये नोव्हेंबरात दुपारीच दिवे लागतात.
नदीकाठच्या गिरण्यांत आता चष्म्यांची दुकानं आहेत,
योगाचे वर्ग आहेत.
आम्ही त्या गिरण्यांतली माणसं,
'इन्स्लाग' वापरणारी.

इन्स्लाग म्हणजे बाणा,
ताण्यातून आडवा जाणारा धागा.
त्याच नावाचा प्रोग्रॅम होता, विणीचे नकाशे काढणारा.
पाच फ्लॉप्यांवर यायचा,
पाचवी हमखास खराब.
कंपनी बुडाली, मालक म्हणे स्पेनला गेला
संत्री लावायला.
आम्हाला कुणी सांगितलंच नाही, की आता पुरे.

हिरवी वही मी सांभाळते.
डाव्या पानावर प्रश्न, उजव्यावर उत्तर.
प्रश्न १ : छापताना उजवी कड कापली जाते.
उत्तर : कागद आडवा घाला. इंग्वे.
प्रश्न ३८ : सतरा नंबरचा रंग निवडला की पडदा काळा होतो.
उत्तर : सतरा निवडू नका. इंग्वे.
त्या दिवशी हसता हसता
सिर्काच्या वेलदोड्याच्या बनावरची साखर
माझ्या कीबोर्डात सांडली.
एक बटण अजून अडकतं.

भांडणंही झाली. आवृत्ती तीन चांगली की चार,
यावरून चारवाल्यांनी टेबल वेगळं केलं.
पुढे त्या टेबलावर मायब्रिट एकटीच उरली.
एका गुरुवारी आपला कप उचलून
ती आमच्यात येऊन बसली.
आम्हीही विषय काढला नाही.

रागावून असं कुणीच गेलं नाही.
कुणाचा गुडघा, कुणाची नात,
कुणाकडे नवं मशीन आलं, सगळं आपोआप करणारं,
मग विचारायला काही राहिलं नाही,
आणि विचारायचं नसेल तर
बसमध्ये चाळीस मिनिटं कोण बसतं?
इंग्वे फेब्रुवारीत गेला.
त्याच्या बायकोनं फ्लॉप्यांचा डबा आणून दिला.
झाकणावर त्याचं अक्षर :
गुनवोरला द्या, ती विचारत येईलच.

प्रश्न ४१२ माझाच आहे.
दोनशे छप्पन्नाव्या धाग्यानंतर वीण एक घर सरकते.
उजवं पान कोरं.
डब्यातल्या सगळ्या फ्लॉप्या घालून पाहिल्या.
पाचवी खराब.

सव्वासहाला दार ढकलून एक मुलगा आला,
केस पावसानं भिजलेले.
इथे सॉकेट आहे का?
म्हटलं, आहे, तुझ्या खुर्चीमागेच.
त्यानं फोन लावला. चार टक्के.
थर्मासमधली कॉफी दिली, ती त्याला कडू लागली.
ही कसली मीटिंग आहे, त्यानं विचारलं,
आणि मी, काय सांगणार,
प्रश्न ४१२ मोठ्यानं वाचून दाखवला.

तो विचारात पडला. खरोखर पडला,
भुवया आवळून, जसा इंग्वे पडायचा.
मग म्हणाला,
बंद करून परत चालू करून पाहिलंत?

मी पेन उघडलं.
नाव काय तुझं?
अब्शिर.
कसं लिहायचं ते नीट सांग.
त्यानं एकेक अक्षर सांगितलं,
मी उजव्या पानावर उतरवलं,
तारीख घातली.

चौतीस टक्के झाल्यावर तो गेला.
जाताना त्याची खुर्ची
त्यानं भिंतीशी नेऊन ठेवली होती.
मी ती परत टेबलाशी आणली.
पावणेआठपर्यंत खोली आपली असते.